सूपमधला राजमा शिजत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूपच उरत नाही

दोन तास झाले, पातेलं गॅसवर आहे. गाजर डावाने दाबलं की लगदा होतोय, बटाट्याच्या कडा विरघळून रस दाटलाय, आणि राजमा मात्र अजून कचकचतोय. आणखी अर्धा तास थांबावं तर भाज्यांचा मागमूस राहत नाही, राजमा होता तिथेच. शेवटी भूक जिंकते. तसंच वाढून घ्यायचं, उरलेलं फ्रीजमध्ये सरकवायचं, आणि सकाळी झाकण काढून बघावं तर आत सूप नाहीच. डाव खुपसला तर उभा राहील असा गच्च गोळा.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. माझ्याकडे हे इतक्यांदा झालं की मध्यंतरी मी कडधान्य आणि जव घालून सूप करणंच थांबवलं होतं. दर वेळी दोष वेगळ्यावर ढकलला: राजमा जुना असेल, आच कमी पडली असेल, पातेलंच पातळ आहे. त्यातलं थोडंफार खरंही निघालं. पण मुळातला घोटाळा साधा आहे. कडधान्याला तास-दीड तास लागतो. अख्ख्या धान्यालाही तेवढाच वेळ लागतो, वर ते शिजून झाल्यावरही पाणी पीत राहतं. भाजीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आणि आपण तिघांना एकाच वेळी एका पातेल्यात लोटून वर टोमॅटो ओततो.

आधी एक दाणा चिरून बघा

आच वाढवण्याआधी, सोडा शोधण्याआधी, डावाने चार-पाच दाणे बाहेर काढा. एकाच दाण्यावर विश्वास ठेवू नका. एक मऊ लागतो आणि त्याचे शेजारी कच्चे असतात. लाल राजमा असेल तर चावून बघायच्या फंदातही पडू नका, कारण पुढे सांगते. बशीत घेऊन गार करा, बोटात धरून चेपा, मग सुरीने मधोमध चिरा.

कडेने मऊ पण मध्यभागी पांढुरका, कोरडा ठिपका दिसतोय? पाणी आतपर्यंत पोचलेलंच नाही. भिजवण कमी पडलं, किंवा न भिजवताच टाकलाय. ही सगळ्यात सोपी केस. झाकण ठेवून मंद उकळत ठेवा, दाण्यांवर दोन बोटं पाणी राहील एवढं बघा, वेळ दिला की होतो.

आतून लोण्यासारखा, पण साल चामट आणि तोंडात कागदासारखं वेगळं येणारं? पाण्यातल्या क्षारांवर संशय घ्या.

आतून-बाहेरून सगळीकडे सारखाच रवाळ, भिजून पुरेसा फुगलेला, तरी बोटाने चेपला जात नाही? मग एक तर पातेल्यात आंबट काहीतरी लवकर गेलंय, किंवा दाणा जुना आहे.

काही दाणे बोटचेपे आणि काही गोटीसारखे? दोन वेगवेगळ्या पिशव्यांतला राजमा एकत्र झालाय. नवा आणि जुना कधीच बरोबर शिजत नाहीत. किंवा भिजवतानाच त्यात कुचर होते: रात्रभर पाण्यात राहूनही सुरकुतीसुद्धा न पडलेले, जसेच्या तसे दाणे. ते सकाळी निथळतानाच वेचून फेकायचे. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरत नाही, तासभर जास्त उकळूनही फार काही हाती लागत नाही.

टोमॅटो: माझा लाडका गुन्हेगार

माझ्या तरी पातेल्यातला बहुतेक गोंधळ टोमॅटोने केला होता. कांदा परतायचा, त्यावर चिरलेले टोमॅटो, ते मऊ झाले की भिजवलेला राजमा, पाणी, झाकण. दिसायला किती शहाणपणाचा क्रम! आणि त्यामुळेच ही चूक वर्षानुवर्षं सापडत नाही.

दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. राजमा शिजतो म्हणजे हे पेक्टिन गरम पाण्यात विरघळतं आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. तोंडात जो मऊपणा लागतो तो हाच. पाणी आंबट असेल तर पेक्टिन विरघळायचं नाव घेत नाही. टोमॅटोचा पीएच साधारण ४.३ ते ४.९ असतो, म्हणजे चांगलाच आंबट. लिंबू, व्हिनेगर, दही, वाइन सगळे याच माळेतले. गुळाचंही तेच: थोडा आंबटपणा, शिवाय कॅल्शियम.

मी एकदा मुद्दाम एकाच पिशवीतला, एकाच भांड्यात भिजवलेला राजमा दोन पातेल्यांत निम्मा-निम्मा घातला. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि दोन टोमॅटो. तासाभराने पहिल्यातला दाणा अंगठ्याने चेपला तर पसरला. दुसऱ्यातला बोटांतून निसटून ओट्यावर उडाला आणि टक् असा वाजला. त्या दिवसापासून दाणा पूर्ण बोटचेपा झाल्याशिवाय टोमॅटोची वाटी मी गॅसच्या जवळसुद्धा ठेवत नाही.

टोमॅटो उशिरा घातला की सूप कच्चट लागतं, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे तो वेगळ्या कढईत तेलावर परतून, पाणी आटवून, रंग गडद होईपर्यंत शिजवून तयार ठेवायचा. मग सूपमध्ये गेल्यावर त्याला दहा मिनिटं पुरतात.

आणि घालून बसला असाल तर? सगळं चाळणीवर गाळा. रस बाजूला ठेवा. दाणे वेचून साध्या पाण्याने धुवा आणि नव्या पाण्यात वेगळे शिजवा, जमल्यास कुकरमध्ये. मऊ झाल्यावर पुन्हा रसात. कंटाळवाणं आहे, पण त्याच आंबट रसात आणखी दोन तास काढण्यापेक्षा लवकर उरकतं.

मिठाला उगाच दोष देऊ नका

मीठ आधी घातलं की कडधान्य कडक राहतं, हे इतक्या घरांत इतक्या ठामपणे सांगितलं जातं की खोटं आहे म्हणायला धीर लागतो. पण घडतं उलटं. सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. मिठातलं सोडियम त्यातलं काही बाजूला सारून स्वतः जागा घेतं, आणि साल नरम पडते. म्हणून भिजवण्याच्या पाण्यातच मीठ घाला: एका लिटरला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे अडीच सपाट छोटे चमचे. आठ ते बारा तास भिजवा, पाणी ओतून द्या, धुऊन घ्या. साली फुटणंही यानं बरंच कमी होतं. हवा उकाड्याची असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी फेस आणि आंबूस वास.

रात्री भिजवायला विसरलात? दाणे भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करा, झाकून तासभर ठेवा, पाणी बदला. रात्रभराइतकं चांगलं नाही, पण चालतं.

पाणी टाकून दिल्याने राफिनोज आणि स्टॅकिओजसारख्या, पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही थोड्या निघून जातात. थोड्याच. बाकीचं पोटाच्या सवयीवर.

पाणी जड असेल तर

किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो का? नळाच्या तोंडाशी खडूसारखी पूड? मग तुमच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे, आणि ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. अशा घरी राजमा नवा असो, भिजवलेला असो, साल चामट राहते ती राहतेच. भिजवायला आणि शिजवायला दोन्ही वेळा फिल्टरचं, क्षार काढलेलं पाणी वापरून एकदा बघा. फरक पडला तर रोग सापडला.

खाण्याचा सोडा हा दुसरा उपाय. तो पाणी अल्कधर्मी करतो, आणि तिथे पेक्टिन भराभर विरघळतं. एका लिटरला पाव छोटा चमचा, त्याहून जास्त नको. जास्त झाला की दाणे पिठूळ होतात, चवीला साबण येतो, आणि बी१ जीवनसत्त्वाचं नुकसान होतं ते वेगळंच. मी सोडा फक्त जुन्या मालासाठी राखून ठेवते.

जुना माल ओळखायचा कसा? रंग काळवंडलेला, साल निस्तेज, पिशवीच्या तळाशी फुटके दाणे. पण खरा शत्रू वयापेक्षा साठवण. उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने राहिलेल्या दाण्यात आतल्या आत बदल होतात: फायटिक आम्ल फुटतं, त्यानं धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होतं आणि जाऊन पेक्टिनला बांधून टाकतं. असा दाणा भिजून टम्म फुगतो आणि तरी शिजत नाही. हाच तो गणंग. त्याला कुकर आणि चिमूटभर सोडा; तरीही ऐकला नाही तर अर्धा पाऊण तास आणखी शिजवून सरळ मिक्सरमधून काढा आणि सूपला दाटपणा आणायला वापरा. पुढचा डबा कोरड्या, थंड कपाटात ठेवा.

कुकर लावताना

दाब पूर्ण धरला की कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, त्यामुळे भिजवलेल्या राजम्याला पूर्ण दाबाखाली १० ते १५ मिनिटं पुरतात. शिट्ट्या मोजू नका. शिट्टी आच किती, पाणी किती, कुकर केवढा यावर अवलंबून. माझ्या दोन कुकरच्या पाच शिट्ट्यांत निम्म्या वेळेचा फरक आहे. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून घड्याळ लावा. कडधान्याला फेस येतो म्हणून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, आणि दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आत एकदम खळखळून उकळी फुटते आणि साली सुटतात. उंचावर राहत असाल तर कुकरला पर्यायच नाही: दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, आणि उघड्या पातेल्यातला राजमा त्या हिशेबाने रेंगाळतो.

कच्चट राजमा चालवून घेऊ नका

थोडा कडक आहे, चावून खाऊ, असं लाल राजम्याच्या बाबतीत करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही एक ते तीन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू करायला पुरतात, मागून जुलाब. पांढऱ्या राजम्यात ते कमी, लालमध्ये सर्वांत जास्त. ते निकामी करायला किमान पाच तास भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात दाणे खळखळ उकळावे लागतात. १० मिनिटांत ते नष्ट होतं, पण पूर्ण खात्रीसाठी अर्धा तास धरा. त्यानंतर आच मंद केली तरी हरकत नाही.

मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, भिजवलेला राजमा थेट टाकणं म्हणूनच धोक्याचं. तिथलं तापमान पुष्कळदा ८० अंशांच्याही खाली राहतं, आणि तेवढ्या उष्णतेत हे विष कमी न होता वाढल्याचं आढळलंय. आधी गॅसवर उकळा, मग तिकडे हलवा.

या सगळ्या भानगडीत पडायचं नसेल तर अख्खा मसूर घ्या. भिजवायला नको, २० ते ३० मिनिटांत शिजतो, म्हणजे भाजीच्या वेळापत्रकात बसतो. चवळीही भिजवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात होते. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी मी राजम्याकडे बघतही नाही.

सकाळचा गोळा

आता धान्य. इथे चूक मापाची असते. एक वाटी कोरडे जव शिजून तीन वाट्यांच्या वर जातात, आणि ते फुगण्याचं पाणी सूपमधूनच घेतात. गॅस बंद केला म्हणून थांबत नाहीत. फ्रीजमध्ये रात्रभर सावकाश पीत राहतात. त्यात सुटलेला स्टार्च थंड झाला की घट्ट धरतो, आणि जवातलं बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू, मुळातच बुळबुळीत, दाट. ओटचंही तसंच. मग सकाळी बरणी आडवी केली तरी काही हलत नाही.

धान्य सूपमध्ये शिजवू नका, एवढंच. वेगळ्या पातेल्यात, भरपूर पाण्यात, थोडं मीठ घालून शिजवा, चाळणीवर ओता, गार पाण्याखाली धरा म्हणजे वरचा चिकट स्टार्च धुऊन जाईल. वेगळ्या डब्यात ठेवा. वाढताना वाटीत आधी दोन चमचे धान्य, वरून उकळतं सूप. दोन लिटर सूपला अर्धी वाटी कोरडं धान्य भरपूर होतं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

वेळा साधारण अशा: फक्त वरचं टरफल काढलेल्या जवाला तासभर किंवा जास्त, पॉलिश केलेल्या जवाला अर्धा तास (पण त्याचा कोंडा गेलेला असतो, त्यामुळे त्याला अख्खं धान्य म्हणता येत नाही), अख्ख्या गव्हाला आणि ज्वारीला पाऊण ते एक तास, ब्राउन राइसला ४० ते ४५ मिनिटं, किनोआला १५. रात्रभर भिजवलं तर गव्हाला आणि ज्वारीला बराच वेळ कमी लागतो. सूपमध्येच ठेवायचं ठरवलंच असेल तर गहू घ्या. त्याची साल शाबूत असते, स्टार्च कमी सुटतो, दुसऱ्या दिवशीही दाणा टच्च राहतो. जव आणि भात तिथे मान टाकतात.

आणि धान्य सूपमध्येच शिजवताना बुडाला लागलं, तर खरवडू नका. वरचं वर अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता. खालचा करपट थर हलला की सगळं पातेलं गेलं.

भाज्यांचं थोडक्यात

कांदा, गाजर, सेलरी तेलावर परतून घ्या, पण सूपमध्ये दाणे मऊ झाल्यावरच घाला, शेवटची वीस मिनिटं उरली असताना. दुधीसारख्या पाणीदार भाज्या दहा मिनिटं. पालक, मटार अगदी शेवटी: पाच-सात मिनिटांच्या पुढे हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि खाकी होतो, टोमॅटो असेल तर आणखी लवकर.

एक गंमत. गाजर किंवा बटाटा ५५ ते ६५ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास राहिला तर त्यातलं एक एन्झाइम जागं होऊन पेक्टिन घट्ट करून टाकतं, आणि नंतर कितीही उकळलं तरी तो फुटत नाही. सूपमध्ये गाजराचे तुकडे हमखास विरघळतात असं ज्यांचं रडगाणं आहे, त्यांनी हे मुद्दाम करून बघावं. गार पाण्यात भाजी घालून मोठं पातेलं फार मंद आचेवर चढवलं की हे नकळत होतं आणि गाजर कडक का राहिलं ते कळत नाही.

सगळं शिजलं, पण सपक आहे

मीठ मोजा. सूपच्या वजनाच्या ०.८ टक्के, म्हणजे लिटरला ८ ग्रॅम, सव्वा छोटा चमचा. कडधान्य मीठ ओढून घेतं, त्यामुळे सुरुवातीला बरोबर वाटलेलं सूप तासाभराने अळणी लागतं. तरीही काहीतरी कमी वाटत असेल तर ते बहुधा मीठ नसून आंबट असतं: गॅस बंद करून लिंबू पिळा. दाणे शिजलेलं पाणी फेकू नका, भिजवलेलं फेकायचं. शिजवलेल्यात चव आणि दाटपणा दोन्ही आहेत. कांदा नुसता पारदर्शक न ठेवता तांबूस होऊ द्या, मशरूम असतील तर त्यांचंही पाणी आटवून कडा तपकिरी करा. पाणचट असेल तर वाटीभर दाणे डावाच्या पाठीने पातेल्याच्या कडेला रगडा. मैदा नको, कॉर्नफ्लोअर नको.

उरलेलं

मोठं पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर गार व्हायला ठेवणं, ही माझी जुनी सवय होती. बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि धान्या-कडधान्याच्या कोमट लापटात मजेत वाढतात. सूप दोन तासांत ६० वरून २१ अंशांच्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरायला हवं. दोन-तीन उथळ भांड्यांत वाटून टाका, किंवा पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा, पाणी कोमट झालं की बदला. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, पण बटाटा आणि धान्य घालण्याआधीचं. गोठवलेला बटाटा वितळल्यावर भुसभुशीत होऊन पाणी सोडतो.

आणि ज्यांच्या फ्रीजमध्ये आत्ता या क्षणी तो गोळा बसलाय त्यांच्यासाठी: पातेल्यात आधी एक वाटी उकळतं पाणी घ्या, मग त्यात गोळा फोडून टाका. उलट केलंत तर बुडाला लागेल. मंद आचेवर, ढवळत, आणखी पाणी अर्ध्या अर्ध्या वाटीने, पूर्ण उकळी येईपर्यंत. मीठ मग पुन्हा चाखा, कारण पाण्याने ते पातळ झालेलं असतं.